सक्षम न्यायालयात दाद मागावी

दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे १९०८ सालचा तो जाडजूड कायदा, विनोदी वाङ्मयात धरत नाहीत. हे ज्यांनी तो वाचला नाही त्यांनी ठरवलेलं आहे. त्याच्या विसाव्या कलमाखाली एक उदाहरण आहे. 'अ' सिमल्याचा, 'ब' कलकत्त्याचा, 'क' दिल्लीचा. तिघं बनारसला एकत्र येतात आणि तिथे ब आणि क मिळून अ-ला एक वचनचिठ्ठी लिहून देतात. तिघं बनारसला कशाला गेले होते, गंगेत बुडी मारायला की एकमेकांना बुडवायला, याची कायद्याला पडलेली नाही. रक्कम किती, घेतली कशासाठी, तेही नाही. त्याची काळजी एकच: पैसे बुडाले तर अ-ने दावा लावायचा कुठे?

बनारसला लावता येतो, कारण चिठ्ठी तिथे झाली. कलकत्त्याला लावता येतो, कारण ब तिथे राहतो. दिल्लीलाही येतो, कारण क तिथला. येत नाही तो फक्त सिमल्याला, म्हणजे ज्याचे पैसे बुडाले त्याच्या स्वतःच्या गावी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वकिलांना हे उदाहरण समजायला सिमल्यापर्यंत जावं लागत नाही. अ अहेरीचा धरा, ब बल्लारपूरचा, क कुरखेड्याचा. आणि बनारस म्हणजे मार्कंडा. मार्कंड्याला आम्ही विदर्भाची काशी म्हणतो, वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते, तेव्हा कायद्याची सगळी सोय देवानेच करून ठेवली आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत तिघं भेटतात. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून चाळीस हजारांची चिठ्ठी लिहिली जाते, कागदाला उदबत्तीचा वास असतो आणि साक्षीदार म्हणून फुटाणेवाल्याची सही असते. दर्शन होतं, प्रसाद होतो, तिघं तीन बसमध्ये बसतात. पुढे दोन महाशिवरात्री जातात आणि पैसे काही येत नाहीत. मग अ वकिलाकडे येतो.

"चिठ्ठी कुठे लिहिली?"

"कागदावर."

"गाव कोणतं?"

"यात्रेत जी."

"यात्रा कोणत्या तालुक्यात येते?"

यात्रेला जाताना तालुका कोण विचारतो? पण इथे सगळं त्यावरच अडतं. मार्कंडा चामोर्शी तालुक्यात, म्हणून दावा चामोर्शीला. अ-चं म्हणणं साधं असतं: पैसे माझे, मी अहेरीचा, अहेरीत कोर्ट आहे, कोर्टासमोरचा झेरॉक्सवाला आपल्या ओळखीचा, मग अहेरीत काहून नाही? वकील सांगतो की प्रतिवादीला लांब यायचा त्रास पडू नये म्हणून कायद्याने असं ठरवलंय. अ बराच वेळ वकिलाकडे पाहत राहतो.

"त्याले?" तो विचारतो. "त्याले तरास नाही झाला पाहिजे?"

वकिलाने या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, वकीलपत्रावर सही घ्यायची असते. आणखी एक मेख राहतेच. कुरखेड्याला दावा लावला आणि बल्लारपूरच्या ब-ने हरकत घेतली, तर कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय दावा पुढे जात नाही. ब हरकत घेतोच. हरकत फुकट असते, फक्त वकिलाची फी पडते, आणि पैसे बुडवणारा माणूस वकिलाची फी मात्र चोख देतो, हे आमच्या धंद्यातलं एक न उलगडलेलं कोडं आहे.

लोकांना वाटतं, कोर्टात खरं-खोटं ठरतं. ठरतं, पण शेवटी. त्याच्या आधी 'कुठे' हे ठरतं, आणि त्यात इतका वेळ जातो की पुष्कळदा खरं-खोटं ठरवायला दोघांपैकी एकच जण उरतो. प्रतिवादीचा लेखी जबाब वाचून पाहा. वादपत्रातला पहिला परिच्छेद खोटा व बनावटी, दुसरा अमान्य, तिसऱ्याबद्दल माहिती नसल्याने कबूल नाही. वादी हा मयताचा मुलगा आहे हे अमान्य, मयत मेला हेही पुराव्याने सिद्ध व्हावं. आणि या सगळ्यात एक वाक्य हमखास: 'या न्यायालयास प्रस्तुत दावा चालविण्याचा अधिकार नाही.' हे वाक्य टाईपरायटरच्या काळापासून संगणकापर्यंत जसंच्या तसं आलं आहे. वादी, प्रतिवादी, वादातली भिंत आणि खुद्द कोर्ट हे सगळे एकाच रस्त्यावर असलेले दावे मी पाहिले आहेत. प्रतिवादी घरातून निघून पुकारा संपायच्या आत कोर्टात पोचतो. तरीही अधिकार नाही. का नाही, असं न्यायाधीशांनी विचारलं तर ज्युनिअर वकील सीनिअरकडे पाहतो, सीनिअर पंख्याकडे पाहतो आणि तारीख पडते.

कायदाही काही भोळा नाही. एकविसावं कलम म्हणतं, स्थळाबद्दलची हरकत असेल तर सुरुवातीलाच घ्या. अक्षता पडून गेल्यावर पत्रिका काढायची नाही. पण सुरुवातीला घेतली आणि ती खरी निघाली, तर वादपत्र परत मिळतं. फेटाळत नाहीत, परत देतात. त्यावर न्यायाधीश लिहितात: कधी दाखल झालं, कोणी केलं, कधी परत केलं, का परत केलं. तो कागद घेऊन वादी योग्य त्या कोर्टात जातो आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं: समन्स, जबाब, मुद्दे, साक्ष. मुदतीच्या कायद्याचं चौदावं कलम तेवढं दयाळू आहे. चुकीच्या कोर्टात तुम्ही चांगल्या हेतूने आणि नेटाने भांडत होता असं दिसलं, तर तो काळ मुदतीतून वगळतात. मुदतीतून वगळतात, वयातून वगळायची तरतूद केलेली नाही.

या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या पुढे पाऊल टाकलं होतं हे फार लोकांना माहीत नाही. १९७७ मध्ये आपण संहितेत आपल्यापुरतं एक कलम घातलं, ९-अ. तात्पुरत्या मनाईचा अर्ज सुनावणीला आला आणि समोरच्याने 'कोर्टाला अधिकार नाही' असं म्हटलं, की बाकी सगळं थांबवून आधी त्याचाच निकाल लावायचा. अमुक जागी भांडता येईल का, यावर आधी पूर्ण भांडून घ्यायचं, साक्षीपुरावे द्यायचे, निकाल घ्यायचा, त्या निकालावर वरच्या कोर्टात जायचं आणि परत यायचं. मधल्या काळात वादीला मिळालेली अंतरिम मनाई चालू राहू शकायची. म्हणजे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊ नये असा हुकूम असलेला माणूस वर्षानुवर्षं धुऱ्याकडे लांबून पाहत राहायचा, आणि इकडे, असा हुकूम द्यायला हे कोर्ट बरोबर आहे का, यावर खल चालायचा. २०१८ मध्ये शासनाने हे कलम काढून टाकलं. मग जे जुने वाद मध्येच लटकले त्यांचं काय करायचं म्हणून त्याच वर्षी आणखी एक दुरुस्ती करावी लागली. आणि त्या कलमातल्या 'अधिकारक्षेत्र' या शब्दात नेमकं काय काय येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २०१९ मध्ये नीट ठरवून दिलं, म्हणजे कलम जाऊन वर्ष उलटल्यावर. आमच्याकडे तेराव्यानंतर इतकी चौकशी कोणी करत नाही.

मनाईचा अर्ज हा तसा आमच्या कोर्टांचा प्राण. फाईलमधल्या कागदांना निशाणी क्रमांक पडतात आणि मनाईच्या अर्जाचा क्रमांक परंपरेने पाच. त्यामुळे पक्षकाराला कायदा कळो न कळो, निशाणी पाच कळते. बारच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला कास्तकार शेजाऱ्याला सांगत असतो, "माही पाच नंबर मंजूर झाली." शेजारी त्याच्याकडे आदराने पाहतो. मूळ दाव्याचं काय झालं हे कोणी विचारत नाही. तो त्याच्या गतीने चाललेला असतो.

स्थळाची हद्द झाली, आता पैशाची. पंधरावं कलम सांगतं की दावा सगळ्यात खालच्या सक्षम कोर्टात लावा, उगाच वर जाऊ नका. खालचं कोर्ट म्हणजे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. १८६९च्या मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियमात या न्यायाधीशाची मर्यादा ५,००० रुपये होती, ती वाढत वाढत ५ लाखांवर आली. तेव्हा दाव्याचं मूल्य काढावं लागतं, आणि शेतीचं मूल्य हा आमच्याकडचा सर्वात सुरस अध्याय आहे. बाजारात एकराला किती लाख पडतात ते बांधावरचं पोर सांगेल. पण कब्जाच्या दाव्यात शेतीचं मूल्य काढतात ते सातबाऱ्यावरच्या आकारावरून, म्हणजे शेतसाऱ्यावरून, त्याच्या ठरावीक पटीत. आकार तीन रुपये चाळीस पैसे असेल तर अख्ख्या बांधीचं मूल्य एखाद्या बऱ्या चपलेच्या जोडाइतकं निघतं. तीच बांधी कोळसा खाणीसाठी संपादन होताना सोन्याची असते, बँकेत गहाण ठेवताना चांदीची आणि कोर्टात आल्यावर चामड्याची. मालक तिन्ही ठिकाणी शपथेवरच सांगतो, आणि कायद्याने तिन्ही ठिकाणी त्याचं बरोबर असतं.

कोर्ट फीच्या निमित्ताने एका सामाजिक क्रांतीचीही नोंद घेतली पाहिजे. १९९४ पासून महाराष्ट्रात मालमत्ता, पोटगी, घटस्फोट, अत्याचार अशा बाबतींत बाईने दावा लावला तर कोर्ट फी माफ आहे. हेतू चांगला आणि अनेक बायकांना त्याचा खरा आधार झाला आहे. पण त्याचबरोबर कित्येक घरांत, जिथे आईला हिस्सा आहे हे कोणाच्या गावी नव्हतं, तिथे तिघा भावांना एकदम तिची आठवण झाली. वादी क्रमांक एक: आई. तिचा अंगठा, तिचं आधार कार्ड, तिला बसमध्ये खिडकीची जागा. मुलं मागे क्रमाने. "मायची इच्छा हाये जी, आमचं काही नाही." माय बाकावर बसून विचारते, जेवण कुठं हाये?

पण हे झालं दिवाणी कोर्टात शिरल्यावरचं. आमच्या दोन जिल्ह्यांतली खरी कला शिरण्याआधीची आहे. समजा शेजाऱ्याने धुरा कोरला. धानाच्या बांधीचा धुरा दरवर्षी पाऊल-पाऊल सरकतो, कारण नांगराला लाज नसते. तुम्ही ठाण्यात जाता. ठाणेदार ऐकून घेतात आणि म्हणतात, हे दिवाणी मॅटर आहे. तलाठी म्हणतो, मोजणी आणा. भूमी अभिलेखवाले पैसे भरून घेतात, हद्द कायम मोजणीची तारीख देतात. मोजणीच्या दिवशी शेजारी घरी नसतो आणि असला तर मान्य करत नाही. तहसीलदारांकडे जाता. बैलबंडीची पांदण अडवली असेल तर त्यांना १९०६चा मामलेदार कोर्टांचा कायदा आहे, बांधावरून रस्ता मागायचा तर महसूल संहितेचं १४३ कलम आहे, पण तुमचा प्रश्न मालकीचा. तेव्हा तीन पानी आदेश निघतो, त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं सविस्तर असतं आणि शेवटची ओळ असते: 'अर्जदाराने सक्षम न्यायालयात दाद मागावी.'

ही ओळ मराठी राज्यकारभाराचा मुकुटमणी आहे. ती लिहिणारा स्वतः सक्षम नाही हे त्यात नम्रपणे येतं, आणि सक्षम कोण हे शोधायचं काम तुमच्याकडे येतं. तुम्ही ओळ घेऊन दिवाणी न्यायालयात जाता. तिथे प्रतिवादी जबाब देतो की मी मालक नसेन, पण या जमिनीचा कूळ आहे. संपलं. कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्टाने ठरवायचं नाही, तो मुद्दा काढून तहसीलदाराकडे पाठवायचा, त्याचा निर्णय येईपर्यंत दावा थांबवून ठेवायचा. तुम्ही परत त्याच कचेरीत, त्याच बाकावर. मागच्या वेळचा कारकून ओळखतो आणि विचारतो, "आले का?" जमीन मुळात आदिवासीची असेल तर आणखी वेगळं. ती बिगर आदिवासीकडे गेली असेल तर परत द्यायचा १९७४चा कायदा आहे आणि त्यात दिवाणी कोर्टाला दारातच अडवलं आहे. ते अडवलं हे चांगलंच झालं असं माझं मत आहे. ज्या माणसाला गोंडी किंवा माडियाच येते त्याला निशाणी पाचच्या वाटेला लावण्यापेक्षा ते बरं.

आणि एवढ्यात सुटलात असं वाटलं तर सातबाऱ्यावर एक शब्द निघतो: झुडपी जंगल. बाहेरच्या माणसाला वाटेल झुडपं असतील. नसतात. कधीकाळी मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात खुरट्या झुडपांच्या पडीक जागेला दिलेलं ते नाव आहे. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशा जागांवर पुढे शाळा झाल्या, वस्त्या झाल्या, कचेऱ्या झाल्या, स्मशानं झाली. ही जागा महसूलची की वनखात्याची, यावर दोन खाती इतकी वर्षं पत्रव्यवहार करत होती की त्यांच्या कागदालाच एक लहानसं जंगल लागलं असेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झुडपी जंगल हे जंगलच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जागा दिल्या गेल्या त्या नियमित करायला राज्याने केंद्राची परवानगी घ्यावी. तेव्हा तुमचा अन् शेजाऱ्याचा धुऱ्याचा वाद चालू असताना दोघांच्या पायाखालची जमीन तिसऱ्याची निघू शकते. असं झालं की दोघं शेजारी पहिल्यांदा एका बाकावर बसून एकाच्याच तंबाखूच्या डबीतून खातात. तडजोड घडवण्यात वनखात्याचा हा वाटा कुठल्या अहवालात येत नाही.

समजा, सगळे अडथळे पार करून दावा दाखल झाला. आता समन्स. कायद्याच्या कल्पनेत प्रतिवादी हा घरी बसलेला माणूस असतो. आमच्याकडचा प्रतिवादी घरी कधी असतो ते पाहू. जुलैत रोवणी, तो चिखलात. नोव्हेंबरात कापणी, मग मळणी. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्रभर नाटक पाहिलेला माणूस सकाळी अकरा वाजता 'मिळून येणं' अवघड, शिवाय आज या गावचा शंकरपट, उद्या त्या गावचा. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला, त्यानंतर तेंदूपत्ता. मे महिन्याच्या अखेरीस तो जरा मोकळा होतो, पण तेव्हा दिवाणी कोर्टांना सुट्टी. बेलिफाचा अहवाल मग असा येतो: 'मौजे अमुक येथे समक्ष जाऊन चौकशी केली असता सदर इसम घरी मिळून आला नाही. घरातील बाईमाणसाने सांगितले की ते जंगलात गेले असून केव्हा येतील हे सांगता येत नाही. सबब समन्स विना तामील परत.' मी असे अहवाल खूप वाचले आहेत. 'केव्हा येतील हे सांगता येत नाही' हे ज्या गावात वाघ आहे तिथे टाळाटाळीचं उत्तर मानता येत नाही.

बेलिफ या माणसावर कोणी कादंबरी लिहिली नाही हे आपल्या साहित्याचं दारिद्र्य आहे. हातात रेक्झिनची पिशवी, पिशवीत समन्स, डिंकाची बाटली आणि डबा. पावसाळ्यात भामरागडच्या वाटेवर पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत असतं तेव्हा तो अलीकडच्या तीरावर इतर लोकांबरोबर उभा असतो. न्यायासनाचा हुकूम त्याच्या पिशवीत असतो, पण नदीला तामील करता येत नाही. सिरोंच्याकडे गेला तर गाव तेलुगू बोलतं, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या काही वस्त्यांत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगडी. १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली आहे, तेव्हा समन्स मराठीत. ते वाचून दाखवल्यावर प्रतिवादी मनापासून मान हलवतो, आणि बेलिफ लिहितो, 'मजकूर समजावून सांगितला.' माणूस मुळीच सापडला नाही तर समन्स घराच्या दर्शनी भागाला डकवायचं. घर कुडाचं, वर शेणामातीचा लेप. डिंक शेणावर टिकत नाही. बेलिफ कागद कुडाच्या फटीत खोचतो, दोन पंचांचे अंगठे घेतो आणि निघतो. तो वळणाआड जायच्या आत बकरी येते. बकरीने समन्स स्वीकारल्यास ती योग्य तामील होते का, यावर एकही निकाल माझ्या वाचनात आलेला नाही. तरुण वकिलांना वाव आहे.

मग कोणी सुचवतं, हमदस्त घ्या. म्हणजे वादीने स्वतः समन्स घेऊन प्रतिवादीकडे जायचं. ज्याच्याशी तीन वर्षं बोलणं नाही, त्याच्या अंगणात जाऊन 'हे घ्या, तुमच्यावर दावा लावलाय' असं सांगायचं. यातून काही ठिकाणी मारामाऱ्या झाल्या आहेत आणि काही ठिकाणी चहा झाला आहे. चहा झालेले दावे लोकअदालतीत मिटतात, कोर्ट फीसुद्धा परत मिळते, आणि वकील उन्हाळ्यात उगाचच काळा कोट घालून हिंडतो. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळा कोट सक्तीचा नाही. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जातो तरी आमचे लोक कोट काढत नाहीत. कोट काढला तर पक्षकार फी कमी करतो.

हे सगळं मुकाट सहन होतं, कारण निदान आपलं गाव कोणत्या राज्यात आहे हे माणसाला माहीत असतं. जिवती तालुक्यातल्या डोंगरावरच्या चौदा गावांना तीही खात्री नाही. राजुऱ्याचा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ला राज्यपुनर्रचनेत आपल्याकडे आला, आधी नांदेड जिल्ह्यात, मग १९५९ला चांद्यात. येताना या गावांवरचा आंध्रचा हक्क काही पूर्ण सुटला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. आंध्रच्या जागी तेलंगण आलं, तेही हक्क सोडत नाही. त्यांच्या लेखी ही गावं केरामेरी मंडलात. मुकादमगुडा, महाराजगुडा, परमडोली, अंतापूर, कोठा, लेंडीजाळा. तिथे दोन्ही राज्यांचे सरपंच, दोन्हीकडची रेशन कार्डं, दोन्हीकडच्या शाळा, दोन्हीकडचं मतदान. एकाच पारावर दोन सरकारं बसलेली असतात आणि एकमेकांना रामराम करतात.

यांपैकी एका गावात एक घर आहे, त्याच्या मधून सीमेची रेषा जाते म्हणतात. २०२२च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले होते: चार खोल्या महाराष्ट्रात, चार तेलंगणात. त्या घरात सगळं गुण्यागोविंदाने चाललं आहे, आणि चालत राहो. पण वकिलाची नजर वाईट. मी फोटो पाहिला आणि मनात आलं, अशा घरात भाऊवाटणी झाली तर? सतरावं कलम आहे: मालमत्ता दोन कोर्टांच्या हद्दीत पसरली असेल तर कोणत्याही एका कोर्टात दावा चालतो. थोरला महाराष्ट्रात लावेल, धाकटा दुसऱ्या दिवशी तेलंगणात. दहावं कलम म्हणेल, आधीचा चालू द्या, नंतरचा थांबवा. मग मोजणीला कोर्ट कमिशनर येईल, ओसरीतून टेप धरून आत जाईल आणि चुलीपाशी पोचताच थबकेल, कारण चूल परराज्यात. तिथे गेल्याचा प्रवासभत्ता कोणी भरायचा, वादीने की प्रतिवादीने? यावर अर्ज येईल. अर्जावर समोरच्याचं म्हणणं मागवलं जाईल. तोवर भात करपेल, पण तो कोणत्या राज्यात करपला हे कागदावर निश्चित होईल.

राजुऱ्याला एकदा चहाच्या टपरीवर तिकडच्याच एका म्हाताऱ्याला मी या कायद्याची मजा सांगत होतो. डोंगरावर मराठवाड्यातून येऊन वसलेली पुष्कळ घरं आहेत, त्यांतलाच तो. बोलणं अजून नांदेडकडचं. त्याला अठरावं कलम सांगितलं. जागा नेमकी कोणत्या कोर्टाच्या हद्दीत आहे हेच अनिश्चित असेल, तर कोर्ट त्या अनिश्चिततेची लेखी नोंद करतं आणि पुढे काम चालवतं. चालवता येतं, कायद्यानेच तशी मुभा आहे.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला.

"म्हंजे जज्जसाहेब सोता लिहून देणार, की ही जागा कुठंय ते नक्की सांगता येत न्हाई?"

"साधारण तसंच."

"सही-शिक्क्यासगट?"

"हो."

तो जरा वेळ गप्प बसला. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. दोन रेशन कार्डं, दोन मतदान कार्डं, दोन्ही सरकारांच्या कसल्या कसल्या पावत्या. ते नीट मोजून त्याने परत पिशवीत घातले.

"साठ वर्सं झाली," तो म्हणाला, "दोन्हीकडचे सायेब येऊन सांगत्यात का गाव आमचंच हाय. येवढं खरं कुणी बोललं न्हाई बघा. त्या कागदाची नक्कल मिळंल का?"

मी म्हटलं, मिळेल. आधी दावा लावावा लागेल, मग नकलेचा अर्ज, त्याला कोर्ट फी स्टॅम्प.

"कोणत्या राज्याचा?" त्याने विचारलं.